स्वॅप भरलाय, पण सर्व्हर अडकलाय का? लिनक्समधला मेमरीचा ताण ओळखायची आणि उतरवायची रीत

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरमध्ये किंवा सपोर्टच्या कामावर नव्याने लागलेल्या मुलामुलींना एक अलर्ट फार लवकर भेटतो, आणि बहुधा रात्रपाळीतच भेटतो: ‘स्वॅप ८० टक्क्यांच्या वर’. स्वॅप म्हणजे रॅममधली पेजं हलवून ठेवायची, सहसा डिस्कवरची, जागा. मग सीनियरला मेसेज जातो, “दादा, स्वॅप ऐंशी टक्के झालाय, रीबूट मारू का?”

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. स्वॅप किती भरला, हा आकडा एकटा जवळजवळ काहीच सांगत नाही. मेमरी मिळेपर्यंत प्रोग्रॅमना किती वेळ ताटकळावं लागतंय, हा आकडा बघायचा असतो. पहिल्याकडे बघून केलेला उपाय पुष्कळदा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा होतो. दुसरा आकडा कुठे सापडतो, तो कसा वाचायचा आणि त्यानंतर कशाला हात लावायचा, ते खाली क्रमाने दिलं आहे. सर्व्हरवर काम करणाऱ्यांना आणि घणसोलीच्या खोलीवर ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स शिकणाऱ्यांना, दोघांनाही ते लागू पडेल.

एक सूचना: कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायची.

पायरी १: रॅममध्ये नेमकं काय भरलंय ते समजून घ्या

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, रॅमचा हिशेब पेजमध्ये, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यांत, ठेवतो. आपल्या नेहमीच्या इंटेल-एएमडी मशिनवर एक पेज ४ केबीचं असतं. ताण समजून घ्यायचा तर या पेजचे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला प्रकार फाइल पेजचा. डिस्कवरच्या फाइलींचे वाचलेले तुकडे, चालू प्रोग्रॅमचा कोड, लायब्ररी हे सगळं यात येतं. याची मूळ प्रत डिस्कवर असतेच, त्यामुळे रॅमची गरज पडली की कर्नल ही पेजं सरळ टाकून देऊ शकतो. त्यात बदल झालेला असेल, म्हणजे पेज ‘डर्टी’ असेल, तर आधी ते डिस्कवर लिहावं लागतं, एवढंच.

दुसरा प्रकार अनामिक पेजचा. प्रोग्रॅमने चालता चालता मागून घेतलेली मेमरी: जावाची हीप, ब्राउझरच्या टॅब, डेटाबेसचा बफर. याची प्रत कुठेही नसते. हे पेज रॅममधून हलवायचं तर ते ठेवायला जागा हवी, आणि ती जागा म्हणजे स्वॅप. स्वॅप नसेल तर अनामिक पेज रॅममध्ये अडकून बसतं, मग त्याला आठवडाभर कुणी हात लावलेला नसला तरी.

इथे नवख्यांची मोठी गल्लत होते. स्वॅप म्हणजे ‘रॅम संपल्यावर वापरायची जादा रॅम’ असं आपण शिकलेलो असतो. प्रत्यक्षात स्वॅपमुळे कर्नलला निवडीची मोकळीक मिळते: कुणी न वापरलेलं अनामिक पेज बाहेर काढायचं, की आत्ताच लागणारं फाइल पेज? स्वॅपच नसेल तर ही निवडच उरत नाही. दर वेळी फाइल पेजचाच बळी जातो, अगदी चालू प्रोग्रॅमच्या कोडचासुद्धा. तो कोड पुढच्या क्षणी डिस्कवरून पुन्हा वाचावा लागतो. म्हणूनच ‘आमच्याकडे स्वॅप बंद आहे, तरी सर्व्हर डिस्क घासत बसतो’ ही तक्रार खोटी नसते.

आता ‘फ्री -एच’ चालवा. ‘फ्री’ या रकान्यातला छोटा आकडा बघून घाबरू नका. निरोगी लिनक्समध्ये तो छोटाच असतो, कारण रिकामी रॅम काही कामाची नसते आणि कर्नल तिच्यात फाइली भरून ठेवतो. बघायचा तो ‘अव्हेलेबल’ हा रकाना. स्वॅपिंग सुरू न करता नव्या कामाला अंदाजे किती मेमरी देता येईल, ते तो सांगतो. २०१४ साली कर्नल ३.१४ मध्ये हा अंदाज कर्नलच द्यायला लागला. त्याआधी लोक फ्री, बफर आणि कॅश यांची बेरीज करायचे. काही जुन्या मॉनिटरिंग स्क्रिप्ट अजून तेच करतात आणि चुकतात.

‘शेअर्ड’ रकान्यावरही नजर टाका. टीएमपीएफएसवर, म्हणजे ‘/डेव्ह/एसएचएम’सारख्या ठिकाणी, ठेवलेल्या फाइली यात मोजल्या जातात. त्या ‘कॅश’मध्येही दिसतात, त्यामुळे सहज मोकळ्या होतील असं वाटतं. तसं होत नाही. त्यांना डिस्कवर घर नसतं. त्या फक्त स्वॅपमध्ये जाऊ शकतात, नाहीतर कुणीतरी पुसाव्या लागतात.

पायरी २: पडद्यामागे काय चालतं ते एकदा नीट बघा

‘टॉप’मध्ये ‘केस्वॅपडी०’ नावाची एक प्रोसेस दिसेल. ती कर्नलचाच धागा आहे. प्रत्येक नूमा नोडमागे (प्रोसेसर आणि त्याच्या जवळची रॅम यांचा गट) एक असते, म्हणून दोन सॉकेटच्या सर्व्हरवर सहसा ‘केस्वॅपडी०’ आणि ‘केस्वॅपडी१’ अशा दोन दिसतात. मेमरी कमी पडू लागली की पार्श्वभूमीवर जागा मोकळी करणं हे तिचं काम.

ती कधी उठते आणि कधी झोपते हे तीन खुणांवर ठरतं. त्यांना वॉटरमार्क म्हणतात: मिन, लो आणि हाय. मोकळी पेजं ‘लो’च्या खाली गेली की केस्वॅपडी जागी होते आणि ‘हाय’ला पोचेपर्यंत पेजं मोकळी करत राहते. या काळात प्रोग्रॅमना सहसा काही जाणवत नाही. पण मागणी इतक्या वेगाने आली की मोकळी पेजं ‘मिन’च्याही खाली गेली, तर चित्र बदलतं. आता मेमरी मागणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबवून कर्नल त्याच्याकडून जागा मोकळी करवून घेतो. याला डायरेक्ट रिक्लेम म्हणतात. वेबसाइट ‘मध्येच दोन सेकंद अडकते’ अशी तक्रार येते तेव्हा हा एक मोठा संशयित असतो.

नवी मुंबईत राहणाऱ्याला हे समजायला वाशी-बेलापूरचे धारण तलाव पुरेत. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीहून खाली आहे. भरतीच्या वेळी खाडीकडची झडपं बंद असतात आणि पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की ते खाडीत सोडलं जातं. सगळी मदार एकाच गोष्टीवर असते: मुसळधार सर येण्याआधी तलावात जागा मोकळी आहे का? जागा असेल तर रस्त्यावरच्या माणसाला काही कळतही नाही. नसेल तर पाणी सेक्टरमध्ये शिरतं आणि ज्याची गाडी बुडते त्याने थांबायचं. ‘लो’ आणि ‘मिन’ यांच्यातलं अंतर म्हणजे तलावातली ही मोकळी जागा.

ती जागा किती असते, याचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. कर्नल ‘व्हीएम.मिन_फ्री_केबाइट्स’ हा आकडा एका सूत्राने काढतो: केबीतल्या मेमरीला १६ ने गुणायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. १६ जीबीच्या मशिनला ते १६,३८४ केबी, म्हणजे १६ एमबी येतं. ट्रान्सपरंट ह्यूज पेज (४ केबीऐवजी मोठी पेजं वापरायची सोय) चालू असतील तर कर्नल हा आकडा स्वतःच वाढवतो, त्यामुळे तुमच्या मशिनवर तो मोठा दिसू शकतो. खुणांमधलं अंतर ‘व्हीएम.वॉटरमार्क_स्केल_फॅक्टर’ ठरवतो. तो मुळात १० असतो, आणि त्याचा अर्थ मेमरीच्या ०.१ टक्का. १६ जीबीला हे ढोबळमानाने पुन्हा १६ एमबीच होतं.

आता विचार करा. एखादी बॅच जॉब सेकंदाला २०० एमबी वेगाने मेमरी मागत सुटली, तर ‘लो’पासून ‘मिन’पर्यंतचे १६ एमबी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत संपतात. तेवढ्या वेळात केस्वॅपडीने उठून, थंड पेजं शोधून, ती डिस्कवर लिहून जागा करायची. जमलं नाही की डायरेक्ट रिक्लेम. म्हणजे मशिनवर एकूण मेमरी पुरेशी असूनही, केवळ काम उशिरा सुरू झाल्यामुळे प्रोग्रॅम अडकतात. या माहितीचा उपयोग पुढे पायरी ६ मध्ये होणार आहे.

तुमच्या मशिनच्या खऱ्या खुणा ‘/प्रॉक/झोनइन्फो’ या फाइलीत झोननिहाय (कर्नलने रॅमचे पाडलेले भाग) दिसतात. आकडे पेजमध्ये असतात, म्हणून ४ ने गुणा म्हणजे केबी मिळतील.

केस्वॅपडी कुठली पेजं काढते? कर्नल पेजच्या याद्या ठेवतो, अलीकडे वापरलेली वेगळी आणि पडून असलेली वेगळी, आणि पडून असलेल्यांना आधी हात घालतो. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या कर्नल ६.१ पासून या याद्यांना पिढ्यांमध्ये विभागणारी नवी पद्धतही उपलब्ध आहे. नवख्याला तिच्या तपशिलात आत्ता शिरायची गरज नाही.

पायरी ३: ताण मोजा

आधी ‘व्हीएमस्टॅट १’ चालवा आणि निदान अर्धा मिनिट बघत राहा. पहिली ओळ मशिन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून द्या. ‘एसआय’ म्हणजे स्वॅपमधून रॅममध्ये सेकंदाला किती केबी येतंय, आणि ‘एसओ’ म्हणजे रॅममधून स्वॅपमध्ये किती जातंय.

दोन्ही रकाने शून्य असतील तर स्वॅप ८० टक्के काय, ९५ टक्के भरलेला असला तरी या क्षणी त्याचा कुणाला त्रास नाही. कधीतरी, कदाचित गेल्या रविवारच्या बॅकअपच्या वेळी, काही थंड पेजं बाहेर गेली आणि ती परत कुणी मागितली नाहीत. ती तिथेच बरी आहेत. एवढं मात्र लक्षात ठेवा की स्वॅप गच्च भरला असेल तर पुढच्या वेळी थंड पेजं ठेवायला जागा उरलेली नाही. म्हणून सकाळी त्याची नोंद करायची. रात्री मशिन उलथायचं कारण नाही.

‘एसओ’ थोडा वेळ वाढून शांत झाला तर तेही ठीक. काळजी करायची ती ‘एसआय’ सतत हलत असेल तर, कारण जे बाहेर काढलं तेच लगेच परत लागतंय असा त्याचा अर्थ. दोन्ही रकाने एकदम आणि सतत वाढलेले असतील तर मशिन थ्रॅशिंगमध्ये आहे, म्हणजे कामापेक्षा पेजं आत-बाहेर करण्यातच त्याचा वेळ जातोय.

आता मुख्य फाइल: ‘/प्रॉक/प्रेशर/मेमरी’. ‘कॅट’ने वाचा. फेसबुकच्या अभियंत्यांनी विकसित केलेली ही सोय (पीएसआय, म्हणजे प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन) २०१८ च्या अखेरीस कर्नल ४.२० मध्ये आली, आणि माझ्या मते नवख्याने मेमरीबद्दल एकच फाइल वाचायची तर ती ही. तिच्यात दोन ओळी असतात. ‘सम’ (इंग्रजीतला ‘काही’) या ओळीत निदान एक तरी काम मेमरीसाठी थांबलेलं होतं असा किती टक्के वेळ गेला ते दिसतं. ‘फुल’ या ओळीत, चालायला तयार असलेली सगळीच कामं एकाच वेळी मेमरीपायी थांबली असा किती टक्के वेळ गेला ते. प्रत्येक ओळीत शेवटच्या १० सेकंदांची, ६० सेकंदांची आणि ३०० सेकंदांची सरासरी असते, आणि शेवटी मायक्रोसेकंदांतली एकूण बेरीज.

‘सम’ची १० सेकंदांची सरासरी अधूनमधून एक-दोन टक्के दाखवत असेल तर मी मशिनला हात लावत नाही. ‘फुल’ मिनिटाच्या सरासरीतही पाच-दहा टक्क्यांवर ठाण मांडून बसलं असेल तर मात्र वापरणाऱ्यांना त्रास होतोच आहे, मग स्वॅप कितीही रिकामा दिसो. हे माझे कामचलाऊ अंदाज आहेत. तुमच्या मशिनवर सुरळीत दिवशी काय आकडा असतो तो आधी टिपून ठेवा आणि त्याच्याशी ताडून बघा.

फाइल सापडली नाही तर गोंधळू नका. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ८ आणि ९ या आवृत्त्यांत ही मोजणी मुळात बंद असते. बूटच्या ओळीत ‘पीएसआय=१’ टाकून मशिन पुन्हा सुरू केल्यावर ती दिसू लागते.

तिसरी खात्री ‘/प्रॉक/व्हीएमस्टॅट’मधून करा. ‘पीजीस्कॅन_केस्वॅपडी’ वाढतोय पण ‘पीजीस्कॅन_डायरेक्ट’ हलत नाही, म्हणजे पार्श्वभूमीवरचं काम पुरं पडतंय. दुसराही भराभर वाढत असेल तर प्रोग्रॅमना स्वतः राबावं लागतंय. हे आकडे सुरुवातीपासूनची बेरीज असतात, म्हणून दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचून फरक काढायचा. त्याच फाइलीत ‘वर्किंगसेट_रिफॉल्ट’ने सुरू होणाऱ्या ओळी आहेत. बाहेर काढलेलं पेज थोड्याच वेळात परत लागलं की त्या वाढतात. स्वॅप नसलेल्या मशिनवर ताण पकडायला याच ओळी उपयोगी पडतात.

पायरी ४: मेमरी कुणी घेतली ते शोधा

‘टॉप’ उघडून ‘शिफ्ट’सह ‘एम’ दाबा, मेमरीप्रमाणे क्रम लागेल. ‘एफ’ दाबून स्वॅपचा रकानाही आणता येतो. एखाद्या प्रोसेसचं स्वॅपमध्ये किती आहे ते ‘/प्रॉक’मधल्या तिच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये, ‘स्टेटस’ फाइलीतल्या ‘व्हीएमस्वॅप’ ओळीत असतं. शेअर्ड मेमरीचा स्वॅपमध्ये गेलेला भाग त्यात धरलेला नसतो. त्यामुळे सगळ्यांची बेरीज करूनही हिशेब जुळला नाही तर आधी टीएमपीएफएस तपासा.

प्रोसेसची बेरीज कमी आणि वापर जास्त दिसत असेल तर ‘/प्रॉक/मेमइन्फो’मधला ‘स्लॅब’ बघा. ती कर्नलची स्वतःची मेमरी. लाखो छोट्या फाइली चाळणारी बॅकअप जॉब चालली की ती फुगते, आणि तिचा ‘एसरिक्लेमेबल’ भाग गरजेनुसार परत मिळतो.

डेटाबेस आणि जावाच्या बाबतीत दोषी बहुतेक वेळा कॉन्फिगरेशनमध्ये बसलेला असतो. ८ जीबीच्या मशिनवर मायएसक्यूएलचा इनोडीबी बफर पूल ६ जीबी आणि शेजारी ३ जीबी हीपचं जावा अ‍ॅप्लिकेशन, हे गणित कर्नल कितीही हुशार असला तरी सुटत नाही. जावाला ‘-एक्सएमएक्स’ने दिलेली मर्यादा फक्त हीपची असते. थ्रेडचे स्टॅक, क्लासची माहिती आणि इतर नेटिव्ह मेमरी तिच्या बाहेर. अशा ठिकाणी पुढच्या पायऱ्या सोडा आणि आधी हे आकडे कमी करून घ्या.

पायरी ५: स्वॅप नीट द्या

नवी स्वॅप फाइल करायला चार कमांड लागतात. ‘डीडी’ने हव्या त्या आकाराची फाइल तयार करा, ‘सीएचमॉड ६००’ने ती फक्त रूटला वाचता येईल अशी करा, ‘एमकेस्वॅप’ने तिला स्वॅपचं रूप द्या आणि ‘स्वॅपऑन’ने चालू करा. परवानगीची पायरी गाळू नका. स्वॅपमध्ये प्रोग्रॅमच्या मेमरीतले पासवर्डसुद्धा जाऊ शकतात. रीबूटनंतर टिकायला ‘/इटीसी/एफएसटॅब’मध्ये ओळ घाला. फाइलसिस्टम बीटीआरएफएस असेल तर साधी फाइल चालत नाही, कॉपी-ऑन-राइट (बदल जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिण्याची पद्धत) बंद केलेली लागते.

किती द्यायचा? ‘रॅमच्या दुप्पट’ हा नियम फार कमी रॅमच्या काळातला. आजच्या सर्व्हरला थंड पेजं मावतील एवढा, बहुतेक ठिकाणी २ ते ८ जीबी, पुरतो. लॅपटॉप हायबरनेट करायचा असेल तरच डिस्कवरचा स्वॅप रॅमच्या आसपास ठेवा. फार मोठा स्वॅप, त्यातून फिरत्या डिस्कवर, दिला तर बिघडलेला प्रोग्रॅम मरायला जास्त वेळ घेतो आणि तोवर सगळं मशिन रखडवतो.

कमी रॅमच्या लॅपटॉपसाठी मी झेडरॅमची आवर्जून शिफारस करतो. यात स्वॅप डिस्कवर न ठेवता रॅममध्येच दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवला जातो. साधारण पेजं निम्म्या-एकतृतीयांश जागेत बसतात, आणि ती उलगडायला लागणारा वेळ डिस्कवरून वाचण्याच्या तुलनेत नगण्य असतो. आगाऊ जागा अडवली जात नाही, जसजशी पेजं येतील तसतशी वापरली जाते. फेडोरा ३३ पासून, म्हणजे २०२० पासून, तिथे हे मुळातच चालू असतं. उबंटू-डेबियनवर ‘झेडरॅम-टूल्स’ हे पॅकेज घ्या. ४ जीबीच्या मशिनवर २ जीबीचा झेडरॅम दिला की ब्राउझर आणि कोड एडिटर एकत्र उघडल्यावरचा फरक लगेच जाणवतो.

झेडस्वॅप ही वेगळी गोष्ट. ती डिस्कवरच्या स्वॅपच्या पुढे रॅममध्ये दाबलेल्या पेजचा साठा ठेवते आणि तो भरला की जुनी पेजं डिस्ककडे ढकलते. डिस्कवर स्वॅप आहेच, तर सर्व्हरवर झेडस्वॅप मला जास्त पटते. झेडरॅमच्या जोडीला डिस्कवरचा स्वॅप ठेवला तर एक अडचण होते: आधी आलेली थंड पेजं वेगवान झेडरॅम अडवून बसतात आणि नंतरची, जास्त लागणारी पेजं संथ डिस्कवर जातात. दोन्ही, म्हणजे झेडरॅम आणि झेडस्वॅप, एकदम चालू ठेवू नका.

कुबरनेटीसच्या (अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणारी यंत्रणा) नोडवर मात्र स्वतःच्या मनाने स्वॅप चालू करू नका. मूळ सेटिंगमध्ये स्वॅप दिसला की क्युबलेट, म्हणजे नोडवरचा तिचा प्रोग्रॅम, सुरूच होत नाही. आधी प्लॅटफॉर्म टीमला विचारा.

पायरी ६: मग कर्नलची बटणं, एका वेळी एकच

‘व्हीएम.स्वॅपीनेस’ मुळात ६० असतो. ‘६० टक्के रॅम भरली की स्वॅपिंग सुरू’ असा त्याचा अर्थ बरेच जण सांगतात. तो चुकीचा आहे. जागा करायची वेळ आल्यावर अनामिक पेज आणि फाइल पेज यांपैकी कशाला किती हात घालायचा, त्याचं ते पारडं आहे. १०० म्हणजे दोन्ही काढण्याचा खर्च सारखा मानायचा. २०२० सालच्या कर्नल ५.८ पासून हा आकडा २०० पर्यंत देता येतो, आणि झेडरॅम असेल तर १०० च्या वर ठेवणं योग्य, कारण तिथे स्वॅपमधून परत आणणं फाइल डिस्कवरून वाचण्यापेक्षा स्वस्त पडतं. झेडरॅमसोबत ‘व्हीएम.पेज-क्लस्टर’ही ० करा. मुळात तो ३ असतो, म्हणजे स्वॅपमधून एका वेळी आठ पेजं वाचण्याचा प्रयत्न होतो. फिरत्या डिस्कला ते फायद्याचं, झेडरॅमला निव्वळ वाया.

डेटाबेस सर्व्हरवर स्वॅपीनेस १० किंवा १ करण्याची प्रथा आहे. डेटाबेस स्वतःची कॅश सांभाळतो, तेव्हा ती समजण्यासारखी आहे. पण सरसकट सगळ्या मशिनवर ० टाकून देणं मला मान्य नाही. ० असताना मोकळी आणि फाइल पेजं मिळून ‘हाय’ खुणेच्याही खाली जाईपर्यंत कर्नल अनामिक पेजला शिवत नाही, आणि तोवर कॅशची वाट लागलेली असते.

आता पायरी २ चा हिशेब आठवा. ‘पीजीस्कॅन_डायरेक्ट’ वाढतोय, प्रोग्रॅम क्षणभर अडकतात, पण ‘अव्हेलेबल’ भरपूर आहे, असं दिसलं तर ‘वॉटरमार्क_स्केल_फॅक्टर’ १० वरून १०० करून बघा. खुणांमधलं अंतर १ टक्का, १६ जीबीला सुमारे १६० एमबी होतं. केस्वॅपडी लवकर उठते आणि मागणीच्या सरीला जागा तयार असते. किंमत एवढीच की तेवढी रॅम बहुतेक वेळ मोकळी पडून राहील. त्याच कामासाठी ‘मिन_फ्री_केबाइट्स’ वाटेल तेवढा वाढवू नका. तो अति झाला तर पुरेशी मेमरी असलेलं मशिनही मेमरी संपल्यासारखं वागतं आणि प्रोसेस मारू लागतं.

बदल आधी ‘सिससीटीएल -डब्ल्यू’ने तात्पुरता करा. काम झालं तरच ‘/इटीसी/सिससीटीएल.डी’मध्ये फाइल ठेवून कायम करा.

पायरी ७: खादाड कामाला कुंपण घाला

रात्री दोनला बॅकअप किंवा रिपोर्टची जॉब चालते आणि दिवसभराची तापलेली कॅश धुऊन निघते, हा नेहमीचा प्रकार. इथे सीग्रुपच्या (प्रोसेसचे गट करून त्यांना मर्यादा घालायची कर्नलची सोय) दुसऱ्या आवृत्तीचा उपयोग होतो. जॉब ‘सिस्टमडी-रन --स्कोप -पी मेमरीहाय=२जी’ या उपसर्गासह चालवली की २ जीबी ओलांडल्यावर कर्नल तिलाच संथ करतो आणि तिच्याच पेजमधून जागा काढतो. तिने वाचलेल्या फाइलींची कॅशही तिच्याच खात्यात मोजली जाते, म्हणून शेजारच्या डेटाबेसची कॅश बरीचशी शाबूत राहते. ‘मेमरीमॅक्स’ ही कडक मर्यादा आहे. ती ओलांडायची वेळ आली आणि जागा निघेना, तर त्या गटातली प्रोसेस मारली जाते. सुरुवात ‘मेमरीहाय’ने करा. प्रत्येक गटाची स्वतःची ‘मेमरी.प्रेशर’ फाइलही असते, त्यामुळे ताण नेमका कुठल्या सेवेला बसतोय ते वेगळं दिसतं.

पायरी ८: प्रोसेस मारली गेलीच तर

‘डीमेसेज’ किंवा ‘जर्नलसीटीएल -के’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ ही ओळ शोधा. तिच्या वर त्या क्षणीचा मेमरीचा हिशेब आणि प्रोसेसची यादी असते. ती जपून ठेवा. बळी गेलेली प्रोसेस म्हणजे दोषी प्रोसेस, असं धरून चालू नका. कर्नल साधारणपणे सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस निवडतो, आणि ती बिचारी नेमून दिल्याप्रमाणे काम करणारा डेटाबेस असू शकते. एखादी प्रोसेस वाचवायची असेल तर तिचा ‘ऊम_स्कोअर_अ‍ॅडज’ कमी करा. हा आकडा -१००० ते १००० असतो, आणि -१००० म्हणजे तिला अजिबात मारायचं नाही. सगळ्याच महत्त्वाच्या प्रोसेसना -१००० देऊन ठेवलं तर मारायला एसएसएचचं सेशन तेवढं उरतं.

कर्नलचा हा उपाय उशिरा येतो, कारण थोडीफार पेजं मोकळी होत आहेत तोवर तो प्रयत्न सोडत नाही. म्हणून लॅपटॉप कित्येक मिनिटं माउसही न हलवता थिजतो. ‘सिस्टमडी-ऊमडी’ हा ताणाचे आकडे बघून आधीच पाऊल उचलतो. फेडोरा ३४ आणि उबंटू २२.०४ च्या डेस्कटॉपपासून तो मुळात असतो.

हे करू नका

‘ड्रॉप_कॅशेस’, म्हणजे कॅश रिकामी करायची सोय, क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारी यंत्रणा) लावू नका. ‘फ्री’ रकाना छान दिसतो, पण टाकलेली प्रत्येक फाइल पुन्हा डिस्कवरून वाचावी लागते, म्हणजे तुम्ही स्वतःच ताण तयार करता.

ताण चालू असताना ‘स्वॅपऑफ -ए’ मारू नका. स्वॅपमधलं सगळं रॅममध्ये परत आणावं लागतं, आणि रॅम नाही म्हणूनच तर ते बाहेर गेलं होतं. जागा अगदीच नसेल तर कमांड नाकारली जाते. काठावर असेल तर प्रोसेस मारल्या जाण्याचीच शक्यता. ‘एसआय’ आणि ‘एसओ’ शांत असताना, ‘अव्हेलेबल’ स्वॅपमधल्या आकड्याहून बराच मोठा आहे हे बघून, वरिष्ठांना विचारून केलं तर हरकत नाही, पण त्यातून मिळतं ते मुख्यतः डॅशबोर्डवरचं समाधान.

आणि पुरावा न टिपता रीबूट करू नका. ‘/प्रॉक’मधला सगळा हिशेब रीबूटबरोबर जातो.

पायरी ९: तिकिटात काय लिहाल

पाळी बदलताना पुढच्याला ‘स्वॅप हाय, चेक केलं, ओके’ एवढंच लिहून गेलात तर त्याला सगळं पहिल्यापासून करावं लागतं. हे लिहा: ‘अव्हेलेबल’ किती होतं; ‘व्हीएमस्टॅट’च्या दहा-बारा ओळी; प्रेशर फाइलीतल्या दोन्ही ओळी जशाच्या तशा, वेळेसह; दहा सेकंदांत ‘पीजीस्कॅन_डायरेक्ट’ किती वाढला; मेमरीत आणि स्वॅपमध्ये वरच्या पाच प्रोसेस; त्या वेळी कुठली क्रॉन जॉब चालू होती. बदल केला असेल तर जुना आकडा, नवा आकडा आणि तो कायम केला की तात्पुरता, हेही लिहा.

अलर्टचा नियम बदलायचा अधिकार तुमच्याकडे नसेल, तरी सुचवायचा अधिकार आहे. ‘स्वॅप ८० टक्के’ याऐवजी ‘फुलची ६० सेकंदांची सरासरी अमुक टक्क्यांवर, सलग पाच मिनिटं’ असा नियम मागा, आणि सोबत तुम्ही टिपलेले सुरळीत दिवसांचे आकडे जोडा. स्वॅप संपत आल्याचा अलर्ट कमी तातडीचा करून दिवसपाळीकडे पाठवायला सांगा. टीम लीडला हे पटवायचं तर एका आठवड्यातले स्वॅपचे अलर्ट आणि त्याच वेळचे प्रेशरचे आकडे शेजारी शेजारी मांडलेली एक शीट पुरेल.